उतारशाळेतली चौथी सीट

डिसेंबर हा ख्रिस्ती कुटुंबात एकाच वेळी दोन पंचांगांवर चालणारा महिना आहे, आणि ही दोन्ही पंचांगे बहुधा स्वयंपाकघराच्या दारामागे एकाच खिळ्याला टांगलेली असतात. त्यांपैकी आतले धर्मग्रामाचे असते (धर्मग्राम म्हणजे एका चर्चच्या कक्षेत येणाऱ्या कुटुंबांचा समूह, ज्याला बोलताना सगळे 'पॅरिश'च म्हणतात) आणि त्यात त्या त्या दिवसाचा संत, वाचावयाचा उतारा आणि उपासनेचा रंग दिलेला असतो; वरचे 'कालनिर्णय' असते आणि त्याच्या चौकोनांत दुधाचे खाडे, गॅसचा नंबर लावल्याची तारीख आणि केकसाठी सांगून ठेवलेल्या अंड्यांचा आकडा पेन्सिलीने टिपलेला असतो. आतले पंचांग महिनाभर थांबायला सांगते आणि वरचे उशीर झाल्याचे सांगते. दोघांत भांडण मात्र होत नाही, कारण आतले पाहण्यासाठी वरचे उचलावे लागते आणि तेवढी सवड २४ तारखेपर्यंत कोणालाच मिळत नाही.

थांबायला सांगणाऱ्या या काळाचे नाव आगमनकाळ. नाताळापूर्वीच्या चार रविवारांचा हा काळ ३० नोव्हेंबरच्या, म्हणजे संत आंद्रियाच्या सणाच्या, सर्वांत जवळ पडणाऱ्या रविवारी सुरू होतो. त्यामुळे तो एखाद्या वर्षी २८ दिवसांचा भरतो, तर एखाद्या वर्षी २२ दिवसांतच उरकतो. २०२३ साली नाताळ सोमवारी आला आणि २४ डिसेंबरच्या एकाच दिवशी सकाळी आगमनकाळाचा चौथा रविवार व रात्री नाताळची मिस्सा (मिस्सा म्हणजे भाकर आणि द्राक्षारस यांच्या अर्पणाची कॅथलिक उपासना) असा योग जुळला. सकाळी वेदीवर जांभळे वस्त्र आणि फुलांच्या बाबतीत हात आखडता, रात्री पांढरे वस्त्र आणि फुलांच्या बाबतीत हात सैल, असा पालट मधल्या काही तासांत करावयाचा असल्यामुळे वेदी सजवणाऱ्या मंडळींनी त्या वर्षीचा चौथा रविवार प्रभूच्या प्रतीक्षेत घालवला की फुलवाल्याच्या, हे सांगणे अवघड आहे.

या काळाचे मूळ पाहिले तर आजच्या डिसेंबरची गंमत अधिक खुलते. सहाव्या शतकात गॉल प्रांतात, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भूमीत, ११ नोव्हेंबर या संत मार्टिनच्या सणापासून नाताळपर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास करण्याचा नियम होता. पुढे उपवास गेला, रविवार चार राहिले, आणि जो महिना कढई पालथी घालण्यासाठी नेमला होता तोच वर्षातला सर्वाधिक तळणीचा महिना ठरला. धर्मशास्त्राने यावर तक्रार केल्याचे दिसत नाही. कदाचित धर्मशास्त्रज्ञांकडेही डबे पोहोचत असावेत.

आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवाराची स्थिती तर आणखी मजेदार आहे. या रविवाराला लॅटिनमध्ये 'गाउदेते' म्हणतात, म्हणजे 'आनंद करा', आणि त्या दिवशी धर्मगुरू जांभळ्याऐवजी गुलाबी झगा घालू शकतात. शब्द आज्ञार्थी आहे हे ध्यानात घ्यावे. तो बायबलमधील संत पौलाच्या फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रातून आला असून ते पत्र त्याने तुरुंगातून लिहिले होते. साखळदंडात असलेल्या माणसाने मोकळ्या माणसांना आनंदाची आज्ञा द्यावी आणि त्या आज्ञेचा रविवार नेमका दुकानातल्या सर्वांत लांब रांगेच्या आठवड्यात यावा, यात योजना शोधणाऱ्याला योजना सापडेल. गुलाबी झग्यातले फादर त्या सकाळी जरा अवघडल्यासारखे उभे असतात, हे समोरच्या बाकावरील मुलांच्या नजरेतून सुटत नाही, आणि तो रविवार निदान त्या बाकापुरता तरी आनंदाचा होतो.

ही सर्व ओढाताण जवळून पाहावयाची असेल तर वसईइतके सोयीचे ठिकाण महाराष्ट्रात दुसरे नाही. १५३४ साली पोर्तुगीजांच्या हाती आलेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी जिंकून घेतलेली ही भूमी. राज्य गेले, पण श्रद्धा राहिली, आणि तिच्याबरोबर 'नाताळ', 'पाव', 'पाद्री' असे शब्दही राहिले, जे आता इतके मराठी झाले आहेत की त्यांचा पासपोर्ट कोणी विचारत नाही. सामवेदी, वाडवळ, कोळी, ईस्ट इंडियन अशा निरनिराळ्या समाजांतील हे कॅथलिक मराठी आणि तिच्या बोली बोलतात, केळी, पानवेल आणि फुले पिकवतात, आणि त्यांतली नोकरी करणारी माणसे विरार लोकलने मुंबईला जातात. १९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. 'सुवार्ता' मासिकाचे दीर्घकाळ संपादक राहिलेले, 'सुबोध बायबल' मराठीत आणणारे आणि २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच मातीतले. अशा भागात श्रद्धेला जागा कमी पडते असे म्हणणे धारिष्ट्याचे ठरेल. जागा भरपूर आहे. ती फक्त डिसेंबरमध्ये डब्यांनी व्यापलेली असते.

डब्यांचा विचार स्वतंत्रपणे करणे भाग आहे. नाताळच्या फराळात नेवऱ्या येतात, केक येतो, मार्झिपान येते, नारळाच्या वड्या येतात, पेरूच्या गराची घट्ट वडी येते, आणि या सर्वांहून अधिक माणूसबळ खाणारा कलकल नावाचा पदार्थ येतो. मैदा, अंडी आणि नारळाचे दूध यांच्या घट्ट पिठाची बोराएवढी गोळी घ्यावी, ती नव्या कोऱ्या फणीच्या दात्यांवर अंगठ्याने दाबून पसरावी आणि कडेने अलगद उचलून गुंडाळावी, म्हणजे पाठीवर रेघा उमटलेला एक छोटा शंख तयार होतो. असे शंख तळून साखरेच्या पाकात घोळले की कलकल झाले. ज्या घरात फणी नसते तेथे काट्याच्या चमच्यावर काम भागवतात, पण जुन्या बायका त्याला कलकल मानत नाहीत. एका घराला असे काही हजार शंख लागतात, आणि ते एकट्याने होण्यासारखे नसल्यामुळे संध्याकाळी वर्तमानपत्र अंथरून सगळे घर भोवती बसते: आजी गोळ्या करते, मुले फण्या चालवतात, कॉलेजातला मुलगा एका हाताने मोबाइल पाहत दुसऱ्या हाताने बेढब शंख वळतो आणि त्याचे शंख वेगळे ठेवले जातात. या वेळी कोणीतरी जपमाळ सुरू करते. हात पिठात असल्यामुळे मणी ओढता येत नाहीत. म्हणून दहा प्रार्थनांची मोजणी दहा कलकलांवर केली जाते, आणि मधेच कोणी एखादा कच्चा शंख तोंडात टाकला तर हिशेब चुकतो. श्रद्धा आणि घाई यांचा संघर्ष मांडणाऱ्या ग्रंथकारांनी या वर्तमानपत्राभोवती एक संध्याकाळ बसणे आवश्यक आहे, कारण येथे दोघींनी एकच परात वाटून घेतलेली दिसते.

फराळाबरोबर लग्नेही येतात. आगमनकाळात आणि ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात धूमधडाक्याची लग्ने टाळण्याची जुनी रीत असल्यामुळे, तुंबलेले पाणी बांध फुटताच धावावे तशी लग्ने नाताळनंतर धावत सुटतात. परिणामी, ज्या घरात जानेवारीत लग्न आहे त्या घरात आगमनकाळाची प्रतीक्षा प्रामुख्याने शिंप्याची असते. परदेशातून सुट्टी काढून आलेला भाऊ, त्याचे परतीचे तिकीट, हॉलची तारीख, फादरांची तारीख आणि ब्रास बँडची तारीख या पाच गोष्टी जुळवणाऱ्या गृहस्थाला बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या पूर्वेकडच्या ज्ञानी पुरुषांचे कौतुक वाटेनासे होते. त्यांना नुसत्या एका ताऱ्याच्या मागे जायचे होते.

घराबाहेर गोठा उभा राहत असतो. गोठा म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, आणि त्याच्या मध्यभागी असलेली, गुरांना चारा घालण्याची लाकडी गव्हाणी हे त्याचे केंद्र. १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो या गावी संत फ्रान्सिस असिसीकर यांनी एका गुहेत गवताने भरलेली गव्हाणी, एक खरा बैल आणि एक खरे गाढव एवढ्यावर हा देखावा उभा केला आणि गावकऱ्यांना तेथे मिस्सेला बोलावले. वसईतल्या आळ्यांत या मूळ कल्पनेचा विस्तार झाला आहे. गोठ्यांच्या स्पर्धा असतात, परीक्षक असतात, आणि म्हणून गोठ्यात पंपावर वाहणारा धबधबा, थर्माकोलचा डोंगर, फिरणारी पवनचक्की, कापसाचा बर्फ आणि त्या बर्फाला लागूनच नारळाची झाडे असतात. बेथलेहेमच्या हवामानाबद्दल इतका उदार दृष्टिकोन अन्यत्र आढळत नाही. बैल आणि गाढव यांचा उल्लेख शुभवर्तमानांत (येशूच्या जीवनाचे चार वृत्तान्त) जन्माच्या प्रसंगी नाहीच. ते यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातून चालत येऊन गोठ्यात शिरले, आणि आता त्यांना बाहेर काढण्याची कोणाची छाती नाही. गर्दीत परीक्षकांना बाळ दिसत नसेल तर त्याच्यावर एक वेगळा बल्ब सोडतात.

या सगळ्या खटपटीत एका वस्तूकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. गोठ्याभोवती हिरवे शेत दिसावे म्हणून डिसेंबरच्या पूर्वार्धात पसरट ताटल्यांत थोडी माती घालून नाचणी किंवा गहू पेरतात आणि त्या ताटल्या खिडकीत किंवा पाण्याच्या पिंपाशेजारी ठेवून देतात. रोज सकाळी हाताने पाणी शिंपडणे एवढेच काम. पहिले तीन दिवस काही दिसत नाही आणि घरातले एखादे पोर बोटाने माती उकरून पाहते व मार खाते. मग पांढुरके टोक वर येते, मग हिरवी रेघ उमटते, आणि कोणी कितीही घाई केली तरी ती रेघ आपल्याच गतीने बोट-दोन बोटे चढते. घरात केक भट्टीत आहे, शिंपी फोनवर आहे, धबधब्याची मोटर जळाली आहे, आणि नाचणी मात्र वाढते आहे. आगमनकाळाचे सर्व नियम पाळणारा त्या घरातला एकमेव सदस्य बहुधा तीच असते.

पापनिवेदनाची रांग हाही या काळाचा एक स्वतंत्र विषय आहे. पापनिवेदन म्हणजे धर्मगुरूंसमोर आपले अपराध सांगून क्षमा मागण्याचा संस्कार, आणि नाताळापूर्वी तो घ्यावा अशी अपेक्षा असल्यामुळे शेवटच्या आठवड्यात चर्चच्या बाजूच्या भिंतीला धरून रांग लागते. डिसेंबरमधल्या इतर सर्व रांगांत मागची माणसे पुढे घुसू पाहतात. या एकाच रांगेत पुढची माणसे मागच्यांना 'तुम्ही व्हा पुढे' असा आग्रह करतात. सौजन्याचे एवढे उदाहरण डोळ्यांसमोर असूनही ती जागा लोकांना आनंदाची वाटत नाही, ही खेदाची बाब आहे, कारण तेथून बाहेर पडणाऱ्या माणसाचा चेहरा केकच्या दुकानातून बाहेर पडणाऱ्यापेक्षा निश्चितच मोकळा दिसतो.

२४ तारखेच्या संध्याकाळी मात्र अनेक घरांवर एक विशेष आपत्ती कोसळते. गव्हाणीत बाळ येशूची मूर्ती जन्मरात्रीपूर्वी ठेवावयाची नाही, असा संकेत पुष्कळ कुटुंबांत आहे. गोठा पूर्ण असतो, योसेफ आणि मरिया रिकाम्या गव्हाणीकडे पाहत दोन आठवडे उभी असतात, आणि मूर्ती गेल्या जानेवारीत कोणीतरी 'नीट' ठेवलेली असते. 'नीट ठेवणे' या क्रियापदाचा मराठी गृहजीवनातला अर्थ सर्वांना ठाऊक आहे. पोटमाळ्यावरचे खोके उतरते, त्यातून मेंढरे निघतात, एक कान तुटलेला उंट निघतो, गणपतीच्या मखरासाठी शेजाऱ्यांनी मागितलेली आणि सापडत नाही म्हणून सांगितलेली झालरही निघते, पण बाळ निघत नाही. मिस्सेला निघायला वीस मिनिटे उरलेली असतात. 'बाळ येशू कुठे ठेवलाय?' हा प्रश्न त्या वीस मिनिटांत इतक्या पट्ट्यांत विचारला जातो की एखाद्या प्रवचनकाराला वर्षभर पुरावा. अखेर मूर्ती शिवणाच्या डब्यात, औषधांच्या पिशवीत किंवा लग्नाच्या अल्बमच्या खोक्यात, कापसात गुंडाळलेली सापडते. या प्रकाराने खजील होण्याचे कारण नाही; लूकच्या शुभवर्तमानानुसार बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या गर्दीत खुद्द मरिया आणि योसेफ यांच्याही हातून हरवला होता आणि त्यांना शोधायला तीन दिवस लागले होते. वसईत हे काम वीस मिनिटांत होते.

एवढी धांदल सरळ कापून टाकावी, हा उपाय इतिहासात करून पाहण्यात आला आहे. इंग्लंडातील प्युरिटन पंथीयांना, म्हणजे धर्मातून बायबलबाहेरचे सर्व काही गाळू पाहणाऱ्या सुधारकांना, नाताळ हा बायबलमध्ये न सांगितलेला आणि खाण्यापिण्याने बरबटलेला सण वाटे. त्यांच्या अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६५९ साली नाताळ पाळणाऱ्याला ५ शिलिंग दंड ठरवला. तो कायदा १६८१ साली गेला, तरी त्या राज्यात नाताळची अधिकृत सुट्टी १८५६ साली मिळाली. आता योगायोग असा की, १८१३ साली मुंबईत उतरलेले अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी याच मॅसॅच्युसेट्समधील संस्थेने पाठवलेले होते. त्यांच्या मिशनने पुढे अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) मोठे केंद्र उभारले, १८४२ साली 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू केले आणि मराठी प्रॉटेस्टंट समाजाचा पाया घातला. ज्यांच्या आजोबांच्या गावी नाताळ म्हणजे दुकाने उघडी ठेवण्याचा दिवस होता, त्यांच्या मराठी शिष्यांनी नाताळला चकली, करंजी, शंकरपाळे आणि बेसनाचे लाडू केले. दिवाळीचा फराळ जसाच्या तसा दोन महिने पुढे सरकला आणि त्याला कोणी शिलिंगात दंड केला नाही. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या नारायण वामन टिळकांनी भजन आणि कीर्तनही या उपासनेत आणून बसवले. त्यांनी आरंभलेले 'ख्रिस्तायन' हे काव्य पुढे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरे केले. त्याही आधी, १६१६ साली, मूळचे इंग्रज असलेले फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' गोव्यात छापले गेले होते, ज्यात सुमारे ११ हजार मराठी ओव्या आहेत. जागा मोकळी करून श्रद्धा बसवण्यापेक्षा असलेल्या सामानातच तिला बसवण्याकडे या भाषेचा कल पहिल्यापासून दिसतो.

खुद्द मूळ कथेतही जागा मोकळी नव्हतीच. येशूचा जन्म झाला तो काळ शिरगणतीचा होता, प्रत्येकाला आपापल्या गावी नाव नोंदवायला जावे लागत होते, आणि बेथलेहेम पाहुण्यांनी भरून गेले होते. ती शिरगणती नेमकी कोणत्या वर्षी झाली यावर इतिहासकारांचे एकमत नाही. कथेतल्या गर्दीबद्दल मात्र शंका नाही. मरियेला आणि योसेफाला जेथे जागा मिळाली नाही त्या ठिकाणाला मराठी बायबलमध्ये 'उतारशाळा' हा सुंदर शब्द वापरला आहे. मूळ ग्रीक शब्द 'कतालुमा' असा असून तो लूकने पुढे शेवटच्या भोजनाच्या माडीसाठीही वापरला आहे, तर चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीतल्या खाणावळवजा धर्मशाळेसाठी त्याने 'पांदोखेइओन' हा वेगळाच शब्द घेतला आहे. त्यामुळे अनेक अभ्यासक असे मानतात की येथे धर्मशाळा नसून कोणा नातेवाइकाच्या घरातली पाहुण्यांची खोली अभिप्रेत असावी, जी आधीच भरलेली होती, आणि म्हणून बाळाला घरातल्याच गुरांच्या बाजूला गव्हाणीत ठेवले. हे मत ग्राह्य धरले तर निर्दय धर्मशाळावाल्याची नाताळच्या नाटकातली भूमिका जाते, ही मुलांच्या दृष्टीने हानी आहे, कारण बायबलमध्ये नसलेल्या या पात्रालाच सर्वांत टाळ्या मिळतात. पण त्याच्या जागी जे चित्र उभे राहते ते फार ओळखीचे आहे: सणासुदीला भरलेले घर, पाहुण्यांच्या खोलीत आधीच आलेली मंडळी, आणि 'आता यांना कुठे टाकायचे?' या प्रश्नावर घरातल्या कोणा बाईने काढलेला तोडगा.

असा तोडगा काढण्यात विरार लोकलचा प्रवासी जगात पहिला येईल. लोकलमधले बाकडे रेल्वेने तीन माणसांसाठी बनवले आहे; त्यावर चौथा माणूस बसतो आणि त्या जागेला 'चौथी सीट' म्हणतात. कोणत्याही नियमपुस्तकात ती नाही. उभा असलेला माणूस नुसता 'सरका जरा' म्हणतो, बसलेले तिघे वर न पाहता थोडे थोडे सरकतात, आणि टीचभर जागेवर एका माणसाची निम्मी बसण्याची सोय होते. यात बसलेल्यांपैकी कोणीही उठत नाही, कोणी आपले काम थांबवत नाही, खिडकीजवळचा माणूस झोपेतही सरकतो. डिसेंबरमधल्या श्रद्धेसाठी संपूर्ण बाकडे रिकामे करून देण्याचे जे सल्ले दिले जातात (एक आठवडा मौन पाळावे, फोन बंद ठेवावा, खरेदी नोव्हेंबरातच उरकावी) ते देणाऱ्यांनी बहुधा सकाळी ८ची गाडी पकडलेली नसते. बाकडे रिकामे होत नसते. चौथ्या सीटला मात्र कोणी नाही म्हणत नाही.

मध्यरात्रीची मिस्सासुद्धा अशीच सरकून घेते. पोर्तुगीजमध्ये तिला 'मिस्सा दो गालो', म्हणजे कोंबड्याची मिस्सा म्हणतात, कारण ती थेट कोंबड्याच्या आरवण्याशी भिडणारी. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी घातली आणि पुढे सणांसाठी मध्यरात्रीपर्यंतची सवलत वर्षातून फार तर १५ दिवस देण्याची मुभा राज्यांना दिली; तेव्हापासून मैदानात होणाऱ्या कित्येक मध्यरात्रीच्या मिस्सा रात्री साडेआठ-नऊलाच सुरू होऊ लागल्या. नाव तेच राहिले, कोंबडा मात्र बिचारा अजून झोपलेलाही नसतो. लहान मुले जागी राहू लागली आणि म्हाताऱ्यांना थंडी कमी बाधू लागली, एवढा लाभ मान्य केला पाहिजे. पूर्वी आजोबांच्या मांडीवर झोपून ज्यांनी सगळे नाताळ काढले, त्यांना मोठेपणी कळले की मिस्सेत प्रवचनही असते.

मग २५ तारीख उजाडते, शेजारीपाजारी ताटे जातात, आलेल्या ताटातला तुकडा चाखून दुसऱ्या घरच्या केकबद्दल मत बनते, आणि संध्याकाळी सहापर्यंत सण संपला असे सर्वांना वाटू लागते. येथे दोन पंचांगांतला सर्वांत मोठा मतभेद आहे. बाजाराच्या हिशेबात नाताळ नोव्हेंबरात सुरू होऊन २५ डिसेंबरला संपतो. चर्चच्या हिशेबात तो २५ डिसेंबरला सुरू होतो, त्या दिवसापासूनचे आठ दिवस एकच मोठा सण मानले जातात, आणि तो प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत, म्हणजे साधारणपणे जानेवारीच्या दुसऱ्या रविवारापर्यंत चालतो. याचा अर्थ, ज्या आनंदासाठी महिनाभर जीव काढला तो नेमका आनंदाच्या पहिल्याच दिवशी आवरून ठेवला जातो, जणू पंगत वाढून झाल्यावर पाने उचलावीत. २६ तारखेला दुकानातले नाताळबाबा निम्म्या किमतीत निघतात, कार्यालयातल्या झाडावरचे दिवे सुटतात, आणि चर्चमध्ये मात्र नाताळ नुकताच सुरू झालेला असतो. त्या दिवशी चर्चमध्ये गर्दी नसते. गोठ्यापुढे कोणी फोटो काढत नसते. डब्यात तळाशी राहिलेले, पाक सुटलेले कलकल आता कोणी मोजत नाही, आणि तेच खरे तर सर्वांत खुसखुशीत लागतात.

२०२६ साली नाताळ शुक्रवारी येतो. आगमनकाळाचा पहिला रविवार २९ नोव्हेंबरला आणि प्रभूच्या बाप्तिस्म्याचा सण १० जानेवारी २०२७ ला आहे. तोपर्यंत गोठा काढू नये, आणि काढल्यावर बाळाची मूर्ती नीट ठेवू नये, सर्वांना दिसेल अशा जागी ठेवावी. शुक्रवार, शनिवार, रविवार असे तीन दिवस मिळून सोमवारी २८ तारखेला कार्यालये उघडतील आणि वसई रोड स्थानकावर नेहमीची धीमी गाडी येईल. बायकांच्या डब्यात चौथ्या सीटवर टेकलेली एखादी बाई पर्समध्ये हात घालून जपमाळ धरेल. जपमाळेत येशूच्या आणि मरियेच्या जीवनातील पाच-पाच प्रसंगांचे संच असतात, प्रत्येक प्रसंगाला रहस्य म्हणतात आणि त्यावर दहा वेळा 'नमो मरिये' म्हणतात. सोमवारी आणि शनिवारी आनंदाची रहस्ये असतात. वसई रोडनंतर बोरिवलीपर्यंत नायगाव, भाईंदर, मीरा रोड, दहिसर, बोरिवली अशी पाचच स्थानके आहेत. देवदूताचा निरोप नायगावपर्यंत पुरतो, मरियेने एलिझाबेथला दिलेली भेट खाडीच्या पुलावर होते, आणि हरवलेला मुलगा बोरिवली येण्याआधी सापडतो. येशूचा जन्म हे तिसरे रहस्य असल्यामुळे तो सोमवारी व शनिवारी भाईंदर आणि मीरा रोड यांच्या दरम्यान होतो.